सेंट लॅम्बर्टच्या आयांनी मागून घेतलेला वर्ग



मागच्या जूनमध्ये आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली. शेळीसाठी नव्हती, पिठाच्या गिरणीसाठीही नव्हती. एका ताईला आपली चार वर्षांची मुलगी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायची होती आणि फी भरायला अठरा हजार रुपये हवे होते. बैठकीत दोन तट पडले. एक जण म्हणाली, "घरात इंग्रजीचं अक्षर कुणाला येत नाही, पोरगी तिथं बसून काय करंल?" दुसरी म्हणाली, "लहान पोर पाण्यात टाकलं की पोहतंयच की." सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. सहयोगिनी म्हणून हिशोब, व्याज, हप्ते हे आम्ही पटकन सांगू शकतो, पण या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. निर्णय पुढच्या बैठकीवर टाकला आणि आम्ही वाचायला बसलो.

परक्या भाषेत लहान मुलांना शिकवावं का, शिकवलं तर त्यांचं काय होतं, हे कुणी नीट तपासून पाहिलंय का? शोधत शोधत आम्ही पोचलो कॅनडातल्या सेंट लॅम्बर्ट नावाच्या गावाशी, साठ वर्षांपूर्वीच्या एका बालवर्गात. तो वर्ग सरकारच्या डोक्यातून निघालेला नव्हता. तो आयांनी मागून घेतला होता. म्हणून आजचं बोलणं त्या वर्गाबद्दल.

कॅनडा हा मोठा देश, बहुतेक ठिकाणी इंग्रजी बोलणारा. पण त्याच्या पूर्वेला क्यूबेक नावाचा प्रांत आहे, तिथे शंभरात ऐंशीच्या आसपास लोकांची भाषा फ्रेंच. या प्रांतात सेंट लॉरेन्स नदीच्या एका अंगाला मॉन्ट्रियल हे मोठं शहर आणि पूल ओलांडला की दुसऱ्या काठाला सेंट लॅम्बर्ट. गावात इंग्रजी बोलणारी घरंही होती आणि फ्रेंच बोलणारीही, शेजारी शेजारी. तरी मुलं मात्र एकत्र शिकत नसत. तिथल्या शाळा त्या काळी धर्मपंथाप्रमाणे वाटलेल्या होत्या. कॅथलिकांचं शाळा मंडळ वेगळं, प्रोटेस्टंटांचं वेगळं. फ्रेंच घरं बहुतेक कॅथलिक, इंग्रजी घरं बरीचशी प्रोटेस्टंट. त्यामुळे एकाच गल्लीत वाढलेली दोन मुलं वेगवेगळ्या फाटकातून आत जायची आणि मोठी झाल्यावर एकमेकांशी धड बोलूही शकायची नाहीत.

आता एक उलटी गोष्ट ऐका. संख्येनं फ्रेंच जास्त, पण पैसा आणि मोठ्या खुर्च्या इंग्रजी बोलणाऱ्यांकडे. कारखान्यात मजूर फ्रेंच आणि साहेब इंग्रज. १९६२ साली देशाच्या सरकारी रेल्वे कंपनीच्या उपाध्यक्षांत एकही फ्रेंचभाषक नाही, यावरून मोठा गदारोळ झाला, विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १९६० नंतर क्यूबेकमध्ये वारं फिरलं. नवं सरकार आलं, शिक्षण आणि दवाखाने चर्चच्या हातून सरकारकडे येऊ लागले, आणि आपल्या घरात आपली भाषा चालली पाहिजे असं फ्रेंच लोक उघड म्हणू लागले. या बदलाला तिथले लोक 'शांत क्रांती' म्हणतात.

सेंट लॅम्बर्टच्या इंग्रजी बोलणाऱ्या आयांना हे वारं कळलं. उद्या या प्रांतात राहायचं, नोकरी करायची, तर आपल्या मुलांना फ्रेंच यायलाच हवं. तशी शाळेत फ्रेंच होतीच. रोज थोडा वेळ, शब्द पाठ करा, व्याकरण घोका. शिकवणाऱ्या बाईंचीही भाषा बहुधा इंग्रजीच. या आयांपैकी कित्येकींनी स्वतः अशीच फ्रेंच शिकली होती आणि शेजारच्या फ्रेंच बाईशी दोन वाक्यं बोलायची वेळ आली की त्यांची बोबडी वळायची. हे वाचताना आम्हाला हसू आलं. आपण पाचवीपासून दहावीपर्यंत इंग्रजी शिकलो, काळाचे सगळे प्रकार लिहून काढले, आणि बँकेत कुणी इंग्रजीत विचारलं की अजूनही पदर सावरतो.

१९६३ साली सेंट लॅम्बर्टमध्ये डझनभर पालक जमले. त्यांनी आपल्या गटाला नाव दिलं 'सेंट लॅम्बर्ट द्विभाषिक शाळा अभ्यास गट'. पुढे राहून काम केलं ते तीन बायांनी : ऑल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलेरी नील. पुढे मेलिकॉफ यांनी या सगळ्या धडपडीची हकीकत लिहून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला कळते. आपणही ठराव वही नीट लिहावी, ती अशासाठी.

त्यांची मागणी साधी होती आणि तेव्हाच्या मानानं वेडी होती. आमच्या मुलांना फ्रेंच 'विषय' म्हणून नको. बालवर्गापासून सगळा वर्गच फ्रेंचमध्ये चालवा. मुलं इंग्रजी घरची, बाई मात्र फ्रेंचच बोलणार. शाळा मंडळाला हे पटेना. मुलं गोंधळतील, इंग्रजी कच्ची राहील, गणितात मागे पडतील, एवढा सगळा धोका कुणी पत्करायचा? फ्रेंच शाळेत घालावं तर तिथलं कॅथलिक मंडळ दुसऱ्या पंथाची मुलं घ्यायला फारसं राजी नसे. मग या पालकांनी शाळेबाहेर, उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी फ्रेंचचे वर्ग चालवून पाहिले. सभा घेतल्या, वर्तमानपत्रांकडे गेले, निवेदनं दिली, नाकारली की पुन्हा दिली.

आणि त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. त्या नदीपलीकडच्या मॅकगिल विद्यापीठात गेल्या. तिथे वाइल्डर पेनफील्ड नावाचे मेंदूचे नामांकित डॉक्टर होते. लहान वयात मेंदू भाषा सहज पकडतो, असं ते सांगत असत. तिथेच वॉलेस लॅम्बर्ट नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. (गावाचं नाव आणि यांचं आडनाव सारखं, तो निव्वळ योगायोग.) लॅम्बर्ट आणि त्यांची विद्यार्थिनी एलिझाबेथ पील यांनी १९६२ साली मॉन्ट्रियलच्या दहा वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास छापला होता. त्याआधी सगळीकडे असंच मानलं जाई की दोन भाषांच्या ओझ्यानं मुलाची बुद्धी मंद होते. या दोघांनी दाखवलं की ते जुने अभ्यासच कच्चे होते. त्यांत गरीब, नव्यानं आलेल्या कुटुंबांची दुभाषी मुलं खात्यापित्या घरच्या एकभाषी मुलांशी तोलली होती, आणि गरिबीचा फरक भाषेच्या माथी मारला होता. सारख्या घरची मुलं घेऊन मोजलं, तर दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलं बुद्धीच्या चाचण्यांत पुढेच निघाली. आम्ही हा भाग दोनदा वाचला. कुपोषण असो की गळती, आपल्याकडेही असंच होतं. तराजूच वाकडा असतो आणि नाव पोराचं खराब होतं.

शेवटी मंडळानं परवानगी दिली, पण 'प्रयोग' म्हणून, पाठ न थोपटता. नावनोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांत जागा भरल्या. सप्टेंबर १९६५मध्ये २६ मुलांचा तो बालवर्ग सुरू झाला.

आता त्या वर्गात जाऊ. तिथे आणि पुढे त्या धर्तीवर निघालेल्या हजारो वर्गांत रोजचं काम कसं चालतं, हे कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

पाच वर्षांची मुलं. कुणालाच फ्रेंच येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. बाई पहिल्या दिवसापासून फ्रेंचच बोलतात, पण इंग्रजी त्यांना कळतं. मुलगा इंग्रजीत म्हणाला, "बाई, माझी पेन्सिल पडली," तर बाई त्याला गप्प बसवत नाहीत, रागावत नाहीत. त्या फ्रेंचमध्ये म्हणतात, "अरे, पेन्सिल पडली? ही घे पेन्सिल," आणि उचलून हातात देतात. मुलाला उत्तर मिळालं, पेन्सिल मिळाली आणि पेन्सिलीचा फ्रेंच शब्दही कानावर पडला. बालवर्गात मुलं आपसात खुशाल इंग्रजी बोलत. बोलायची सक्ती नव्हती, भर होता ऐकण्यावर.

दिवस सुरू होतो गोल बसून. आज वार कोणता, तारीख कोणती, बाहेर हवा कशी आहे? रोज तेच प्रश्न, रोज तीच वाक्यं. खिडकीबाहेर बर्फ पडतंय, बाई तिकडे बोट दाखवून म्हणतात, "इल नेज", म्हणजे बर्फ पडतंय. आठवडाभरात अख्खा वर्ग म्हणतो, "इल नेज". मग गाणी, हातवाऱ्यांची. मग खेळ : बाई सांगतील ते करायचं, नाकाला हात लाव, उडी मार, दाराला शिव. न कळलेलं पोर शेजारच्याकडे बघून करतं आणि करता करता त्याला कळतं. मग मोठ्या चित्रांची गोष्ट, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, बाईंनी लांडग्याचा आवाज काढून सांगितलेली.

आम्हाला सगळ्यात आवडला तो कपड्यांचा धडा. कॅनडातल्या हिवाळ्यात मधल्या सुटीत बाहेर पडायचं तर जाड कोट, टोपी, गळपट्टा, हातमोजे, बूट एवढं सगळं चढवावं लागतं आणि आत आलं की उतरवावं लागतं. पंचवीसेक मुलांचे बूट! बाई प्रत्येकाजवळ बसून म्हणणार, आधी बूट, आता कोट, तुझी टोपी कुठंय, हा मोजा कुणाचा? दिवसातून दोनदा, चार महिने. फळ्यावर लिहून घोकलेला शब्द विसरेल, पण बर्फात एक मोजा हरवला तर त्याचं नाव कसं विसरेल? आपल्या अंगणवाडीच्या ताई हात धुताना, खाऊ वाटताना जे बोलतात ना, तेच हे. पोरं त्याच वेळी शिकत असतात, आपण मात्र त्याला शिकवणं म्हणत नाही.

अशा वर्गांतून मुलांच्या तोंडी आपणहून येणाऱ्या पहिल्या वाक्यांत एक हमखास असतं : मी शौचालयात जाऊ का? गरज पडली की भाषा येते.

पहिलीत गेल्यावर वाचन, लेखन, गणित सगळं फ्रेंचमधूनच सुरू झालं. म्हणजे मुलं पहिल्यांदा वाचायला शिकली ती आईच्या भाषेत नाही. आकडे पाहा. फ्रेंचमध्ये सत्तरला म्हणतात 'साठ दहा'. ऐंशीला म्हणतात 'चार विसा'. नव्वदला 'चार विसा दहा'! इंग्रजी घरच्या मुलांना हे विचित्र वाटणारच. पण आमच्या आजीला ते अजिबात विचित्र वाटलं नसतं, ती गोवऱ्या विसांनीच मोजायची. हे मोजणं वर्गात काड्यांचे गठ्ठे करून, खोटं दुकान मांडून, पैसे देऊन घेऊन चालायचं. बाई बोलतात ते शब्द सुटे नसतात, हाताला लागणाऱ्या वस्तूला चिकटलेले असतात.

दुसरीपासून इंग्रजीचा थोडा वेळ सुरू झाला, रोज तासभर. पुढे तो वाढत गेला आणि पाचवी-सहावीपर्यंत निम्म्याहून जास्त शाळा इंग्रजीत चालू लागली. पुष्कळदा लोक ही गोष्ट विसरतात. तो वर्ग कायम फ्रेंच नव्हता. तो ठरवून, टप्प्याटप्प्यानं दोन भाषांचा झाला होता.

प्राध्यापक लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी दर वर्षी या मुलांची तपासणी केली. तुलनेला दोन वर्ग घेतले : इंग्रजी शाळेतली इंग्रजी मुलं आणि फ्रेंच शाळेतली फ्रेंच मुलं, घरची परिस्थिती आणि बुद्धीच्या चाचण्या यांत साधारण सारखी. १९६६च्या वर्गाचीही तशीच तपासणी झाली, म्हणजे पहिला वर्ग नशिबानं चांगला निघाला असं कुणी म्हणायला नको. १९७२ साली त्यांचं पुस्तक आलं.

काय दिसलं? पहिलीच्या शेवटी ही मुलं इंग्रजी वाचनात मागे होती. आयांच्या पोटात गोळा आला असणार. पण इंग्रजीचा तास सुरू झाल्यावर फार वेळ न लागता ती बरोबरीला आली. वाचन म्हणजे काय हे एकदा एका भाषेत कळलं की ते दुसऱ्या भाषेत नेता येतं, आणि इंग्रजी तर घरात, रस्त्यावर, टीव्हीवर सगळीकडे होतीच. गणित फ्रेंचमध्ये शिकली, परीक्षा इंग्रजीत दिली, तरी मागे पडली नाहीत. फ्रेंच ऐकून समजण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळ पोचली. इंग्रजी शाळेत रोज थोडी थोडी फ्रेंच शिकणारी मुलं त्यांच्या आसपासही नव्हती.

पण बोलण्यात आणि लिहिण्यात चुका राहिल्या, आणि पुढच्या वर्षांत त्या पक्क्या होत गेल्या. फ्रेंचमध्ये वय सांगताना 'माझ्याकडे सात वर्षं आहेत' अशा धर्तीनं बोलतात. मुलं इंग्रजीच्या वळणानं 'मी सात वर्षं आहे' असं म्हणायची. फ्रेंचमध्ये प्रत्येक वस्तूला लिंग असतं, टेबल बाई आणि पुस्तक बुवा. मुलं सरसकट गोंधळ घालायची, परप्रांतातून आलेला माणूस 'पाणी आला' म्हणतो तसा. १९८०च्या दशकात मेरिल स्वेन नावाच्या कॅनडातल्या संशोधक बाईंनी यावर बोट ठेवलं. मुलं वर्षानुवर्षं ऐकतात खूप, पण बोलतात फार कमी. बाई विचारतात, मूल एका शब्दात उत्तर देतं, बाई पुढे जातात. पूर्ण वाक्य जुळवायची, चूक कळून सुधारायची वेळच त्याच्यावर येत नाही. तेव्हापासून अशा वर्गांत जोड्या करून बोलणं, नाटुकली, एकमेकांना गोष्ट सांगणं, गटानं काम करणं यावर भर वाढला. शिवाय सगळा वर्ग इंग्रजी घरचा, म्हणजे फ्रेंच बोलायला सोबती कोण? फक्त बाई. एका आईनं साठ वर्षांपूर्वी शेजारणीशी बोलता येत नाही म्हणून सुरू केलेली गोष्ट, आणि पोरांना फ्रेंच शेजारी खेळायला मिळालाच असं नाही.

तरीही हा प्रयोग वणव्यासारखा पसरला. १९६९ साली कॅनडानं इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही अधिकृत भाषा असल्याचा कायदा केला, मग केंद्राचा पैसाही मिळू लागला. १९७७ साली पालकांची देशभरातली संघटना उभी राहिली. आज कॅनडात चार लाखांहून जास्त मुलं अशा फ्रेंच वर्गांत आहेत. काही शहरांत प्रवेशासाठी आईबाप रात्रभर रांगेत झोपल्याच्या बातम्या येतात, शिकवायला बाई मिळत नाहीत अशी ओरड असते. आणि एक वाईट गोष्टही झाली. शिकलेल्या, सुखवस्तू घरांची मुलं फ्रेंच वर्गाकडे वळली, जे मूल अभ्यासात अडखळलं त्याला 'तुला जमणार नाही' म्हणून साध्या वर्गात परत पाठवलं गेलं. एकाच शाळेत वरचा वर्ग आणि खालचा वर्ग असं होऊन बसलं. कमी गती असलेली मुलंही फ्रेंच वर्गात तितपतच शिकतात जितपत ती इंग्रजी वर्गात शिकली असती, असं संशोधन सांगत होतं. पण मन मोठं करायला संशोधन पुरत नाही.

आता बैठकीतल्या त्या दुसऱ्या बाईचं वाक्य घेऊ : पोर पाण्यात टाकलं की पोहतं. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधतात, वर दोर धरून मामा उभा असतो. सेंट लॅम्बर्टच्या मुलांच्या पाठीला असा भोपळा होता. त्यांची आईची भाषा म्हणजे इंग्रजी, त्या देशातली सगळ्यात जोरदार भाषा. ती कुठे जाणार नव्हती. वर्गातली सगळी मुलं एकाच रेषेवरून निघाली, कुणालाच फ्रेंच येत नव्हती, म्हणून कुणी 'ढ' ठरलं नाही. बाईंना मुलांची भाषा कळत होती. आया शिकलेल्या होत्या आणि शाळेला जाब विचारत होत्या. स्वतः लॅम्बर्ट यांनीच पुढे बजावलं की एकीत दुसरी भाषा पहिलीत भर घालते आणि एकीत दुसरी भाषा पहिलीला खाऊन टाकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याची घरची भाषा आधीच दुबळी मानली जाते, त्या मुलाला हेच सूत्र जसंच्या तसं लावू नका.

त्याचा दाखला कॅनडातच होता. त्याच देशात, त्याच काळात, तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून सरकारनं आणि चर्चनं चालवलेल्या निवासी शाळांत ठेवलं जाई. शंभराहून जास्त वर्षं हे चाललं, दीड लाखाच्या आसपास मुलं तिथून गेली. आईची भाषा तोंडातून निघाली तर शिक्षा होई. तीही मुलं परक्या भाषेत 'टाकली' होती. त्यांतल्या कित्येकांनी घरी येऊन आजीशी बोलायला तोंड उघडलं, तर शब्दच उरले नव्हते. २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून त्याची माफी मागितली.

सेंट लॅम्बर्टच्याच काठाला, थोडं वरच्या अंगाला काहनवाके नावाची मोहॉक लोकांची वस्ती आहे. १९८०च्या दशकात तिथे मोहॉक भाषेचे असेच वर्ग सुरू झाले, बालवर्गापासून सगळं मोहॉकमध्ये. फ्रेंच वर्गाची रीत त्यांनी उचलली, पण आपली हरवत चाललेली भाषा पोरांच्या तोंडात परत आणण्यासाठी. एकच रीत, पण ती कोण मागतंय आणि कशासाठी, यानं तिचा अर्थ बदलला.

आपल्या राज्यात मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल पहिल्या दिवशी मराठी शाळेत बसतं तेव्हा तेही परक्या भाषेतच बसलेलं असतं. तिथे बाईंना कोरकू येते का, यावर त्या मुलाचं पहिलं वर्ष ठरतं. आपण मराठीवाल्या हे सहसा आठवत नाही.

मग त्या अठरा हजारांचं काय झालं, ते सांगतो. पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं जमेल तसं सांगितलं. ठरलं असं की पैसे द्यायचे की नाही हे नंतर बघू, आधी चौघी जणी जाऊन शाळा पाहून येऊ. काय पाहायचं ते बायांनीच ठरवलं. बाई पोरांशी बोलतात की फळ्याशी? पोर मराठीत बोललं तर उत्तर मिळतं की दंड? मराठी वाचायला कधी शिकवणार? वर्गात घरून इंग्रजी शिकून आलेली मुलं किती? मुली बोलतात का?

चौघी शाळा सुरू असताना जाऊन आल्या. बालवर्गात पन्नास मुलं, भिंतीवर 'ओन्ली इंग्लिश' अशी पाटी आणि बाईंनाही इंग्रजी वाचूनच दाखवावं लागत होतं. त्या बाई बिचाऱ्या दहा मिनिटांनी आमच्या ताईंशी मराठीत मोकळं बोलल्या, पगार सांगितला, तो ऐकून ताई गप्प झाल्या. त्या ताईनं मुलीला गावच्या जिल्हा परिषद शाळेत घातलं. तिथेही आता २०००पासून पहिलीला इंग्रजी आहे, आणि ती कशी शिकवतात ते पाहायला या महिन्यात आमच्या तिघी जणी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाणार आहेत. अठरा हजारांतले बारा हजार तिनं शेळ्यांसाठी उचलले. गटातल्या दुसऱ्या एका ताईनं मात्र आपल्या मुलाला त्याच इंग्रजी शाळेत घातलं, आम्ही काही म्हटलं नाही. ती रोज संध्याकाळी त्याला मराठी गोष्ट वाचून दाखवते. पुस्तकं कमी पडतात असं तिनं सांगितलंय, म्हणून गटाच्या पेटीतून लहान मुलांची मराठी पुस्तकं घ्यायचा ठराव पुढच्या बैठकीत मांडणार आहोत.